आधी फरशी बघा

आमच्या सोसायटीत सकाळी साडेसहाचा योगवर्ग घेणाऱ्या ताई शिकवतात उत्तम. त्रिकोणासनात माझा मागचा पाय आतल्या बाजूला कोसळतो, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. म्हणून गेल्या महिन्यात त्यांनी वर्गाच्या ग्रुपवर टाकलेला तक्ता मी पहिल्यांदा आदराने वाचला. दुसऱ्यांदा वाचताना मात्र चिडले.

तक्ता असा. हठयोगाला ४ मिलिमीटरची मॅट. विन्यासाला ५ ची, पकड घट्ट. यिनला आणि विश्रांतीच्या आसनांना १० ची, मऊ. हॉट योगाला वरून टॉवेलसारखी. प्रवासाला दीड मिलिमीटरची, घडी घालता येणारी. म्हणजे थोडा हठ, थोडा विन्यास आणि रविवारी विश्रांती अशी मिसळ करणाऱ्या आमच्यासारख्यांनी दाराआड तीन गुंडाळ्या उभ्या करायच्या. तक्त्याखाली एका दुकानाचा पत्ता. तिथे सात प्रश्नांची उत्तरं दिली की ‘फक्त तुमच्यासाठी’ मॅट तयार होते, आवडीच्या रंगात, कोपऱ्यात नाव छापून.

मी उत्तरं दिली. शैली कोणती, किती वर्षं करता, आठवड्यातून किती दिवस, ध्येय काय (वजन, लवचीकपणा की मनःशांती), रंग कुठला, नक्षी कमळाची की मंडलाची, नाव देवनागरीत की रोमनमध्ये. संपले सात. घरात फरशी कसली आहे हे कुणी विचारलं नाही. तळहाताला घाम सुटतो का, गुडघे दुखतात का, उंची किती, मॅट रोज खांद्यावर टाकून कुठवर न्यायची, पावसाळ्यात ती वाळवायला जागा आहे का, काहीच नाही. खास माझ्यासाठी म्हणवणाऱ्या त्या प्रश्नावलीत माझं शरीर कुठेच नव्हतं.

तो तक्ता आता छापून वर्गाच्या भिंतीवर लागणार आहे, म्हणून हे लिहिते आहे.

पहिला आक्षेप मुळावरच. मॅट जिच्यावरून बेतावी अशी ‘शैली’ ही वस्तू आहे का? पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार आणि म्हैसूरचे पट्टाभी जोइस ही आज बाजाराच्या लेखी दोन टोकं आहेत. अय्यंगार म्हणजे सावकाश, रेखीव, एकेका आसनात बराच वेळ थांबणं. जोइस म्हणजे श्वासाबरोबर धावणारी साखळी, उड्या आणि घाम. तक्ता दोघांना दोन वेगळ्या मॅट देतो. पण हे दोघेही टी. कृष्णमाचार्यांचे शिष्य. दोघेही म्हैसूरच्या राजाश्रयाखाली त्यांनी चालवलेल्या शिक्षणात तयार झालेले, आणि तेव्हा आजची चिकट मॅट जगात नव्हती. शैली आधी आल्या, त्यांच्या नावाची मॅट अर्ध्या शतकाने आली. जोइसांचे अष्टांग विन्यासवाले तर पुढेही कितीतरी वर्षं सुती गालिच्यावरच घाम गाळत होते, आणि त्यांतले पुष्कळ अजूनही मॅटवर तो गालिचा अंथरतात.

आणि आपल्याकडच्या वर्गात एकच एक शैली असते तरी कुठे? आमच्या तासात बारा सूर्यनमस्कार, मग वीरभद्रासन, वृक्षासन, मग मार्जारासन, पश्चिमोत्तानासन, सर्वांगासन आणि शेवटी शवासन. तक्ता मनावर घेतला तर तासाभरात तीनदा मॅट बदलावी लागेल, आणि बदलता बदलता शवासनाची वेळ जाईल.

शरीराला शैली कळत नाही. गुडघ्याला कळतं खाली किती टणक आहे ते. तळहाताला कळतं सरकतंय की नाही. घोट्याला कळतं डगमगतंय की नाही. हे तिन्ही एकाच शैलीतल्या, एकाच रांगेतल्या दोन बायकांत वेगळे असतात आणि एकाच बाईच्या मे आणि जुलै महिन्यांतही वेगळे असतात.

आता फरशीकडे येऊ, कारण सगळं तिथे अडकलं आहे. माझं माहेर शहाबादी फरशीचं. ती फरशी खडबडीत, थंड, पण पकडून ठेवणारी. तिच्यावर साधी सतरंजी टाकली तरी जागची हलायची नाही. आज ठाण्यातल्या माझ्या घरात व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. आरशासारख्या. त्यांच्यावर सतरंजी टाकून अधोमुख श्वानासन करायला जा, हात पुढे आणि पाय मागे निघून तुमचं नाक खाली येतं. इथे आपण मॅटवरून घसरतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा मॅटच फरशीवरून घसरत असते, कारण तिच्या पोटाला धूळ लागलेली असते. उपाय महागडी पकड नव्हे. ओलं फडकं फरशीवरून आणि मॅटच्या खालच्या बाजूवरून फिरवा, दोन्ही कोरडं होऊ द्या आणि मग बघा. गच्चीवर चायना मोझेक असेल तर वेगळीच गंमत. बारीक तुकड्यांच्या कडा पातळ मॅटमधून बरोबर कोपराला सापडतात. आणि नैसर्गिक रबराची मॅट तिथे उन्हात वाळत घालायची सवय असेल तर काही महिन्यांत तिला भेगा पडतात. लाकडी तक्तपोशीच्या हॉलमध्ये जमीन स्वतःच किंचित दबते, तिथे जाड मॅट म्हणजे गादीवर गादी.

जाडीबद्दल तक्त्याचा समज असा दिसतो की जितकी जास्त तितका आराम. पश्चिमोत्तानासनात बसलात तर खरं. पण १० मिलिमीटरच्या फोमवर वृक्षासनात उभं राहून बघा. टाच एका बाजूला दबते, मग घोटा सारखा सावरत राहतो आणि झाड वाऱ्यात सापडल्यासारखं हलतं. फलकासनात तळहाताचा मनगटाकडचा भाग फोममध्ये रुततो, बोटं वर राहतात आणि मनगट आणखी मागे मोडतं. ज्या बाईला मनगट दुखतं म्हणून जाड मॅट घ्यायला सांगितलं जातं, तिचं मनगट त्याच मॅटवर जास्त दुखतं. शीर्षासनात तर मऊपणा सरळ धोक्याचा, कारण डोकं रुततं तसा मानेवरचा भार हलतो. तिथे हवी असते घट्ट घडीची घोंगडी किंवा चादर, जी दबणार नाही.

गंमत म्हणजे ही गोष्ट आपल्याला सातशे वर्षांपूर्वी सांगून झाली आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात बैठकीला खाली दर्भ, मग मृगाजिन आणि त्यावर वस्त्र असा क्रम आहे. १२९० साली सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत त्या ठिकाणी माउलींनी कारणही दिलं आहे: बैठक गरजेपेक्षा उंच झाली तर शरीर हलू लागतं, फारच बुटकी राहिली तर जमिनीचे दोष अंगाला लागतात. ते ध्यानाच्या आसनाबद्दल आहे, उड्या मारण्याबद्दल नाही, हे मला मान्य. पण प्रश्न कुठला विचारायचा हे त्यात बरोबर आहे. स्थैर्य किती आणि जमिनीपासून राखण किती? साधकाची शैली कोणती हे माउलींनी विचारलेलं नाही.

आता पकड. इथे एक इतिहास सांगते, कारण ‘खास तुमच्यासाठी’ या शब्दांचा खरा अर्थ त्यात आहे. अँजेला फार्मर ही इंग्लंडची शिक्षिका, अय्यंगारांकडे शिकलेली. तरुणपणी झालेल्या एका शस्त्रक्रियेत काही नसा कापल्या गेल्याने तिच्या तळहातांना आणि तळपायांना घामच येत नसे. कोरडे ठणठणीत हात जमिनीवर टेकले की सरकायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत शिकवताना गालिच्याच्या खाली घालायचा रबरी फोम तिच्या हाती लागला. त्याचा तुकडा कापून ती त्यावर उभी राहिली आणि सरकणं थांबलं. विद्यार्थ्यांनी तसाच तुकडा मागितला, पुढे तिच्या वडिलांनी तो फोम बनवणाऱ्या कारखान्याकडून माल घेऊन विकायला सुरुवात केली. आजच्या चिकट मॅटची आजी ती.

म्हणजे जगात एखादी मॅट खरोखर एका माणसासाठी बेतली गेली असेल तर ती ही. तिच्यावर नाव नव्हतं, कमळ नव्हतं. एका विशिष्ट देहाची एक विशिष्ट अडचण होती आणि तिच्यावर एक उपाय सापडला. नंतर बाजाराने तो उपाय ती अडचण नसलेल्या कोट्यवधींना विकला आणि आता त्याच उपायावर नाव छापून त्याला वैयक्तिक म्हणतो.

तिची अडचण कोरड्या हातांची होती. माझी उलटी आहे. मे महिन्यात माझे तळहात पहिल्या दहा मिनिटांत ओले होतात. पीव्हीसीची बंद छिद्रांची मॅट घाम शोषत नाही. ती पुसायला सोपी, टिकायला दांडगी, पण ओली झाली की निसरडी. उघड्या छिद्रांची, म्हणजे वर पॉलियुरेथेनचा थर असलेली रबरी मॅट घाम पिते आणि ओली असतानाही धरून ठेवते. पण प्यालेला घाम आतच राहतो, आणि जुलैत ठाण्याच्या हवेत ती चार दिवसांत कुबट होते. कॉर्कचं वागणं आणखी निराळं. तो कोरडा असताना निसटता आणि किंचित ओला असताना पकडणारा, म्हणून कोरड्या हातांच्या माणसाने त्यावर आधी पाण्याचा हबका मारायचा. सुती गालिच्याचंही तसंच. मग आता सांगा, विन्यास करणाऱ्या माझ्या कोरड्या हातांच्या मैत्रिणीला आणि विन्यासच करणाऱ्या मला एकच ‘विन्यास मॅट’ कशी चालेल? आणि वर्गाला यायच्या आधी अंगाला तेल चोळून येणाऱ्या आमच्या तिसऱ्या रांगेतल्या काकांना तर कुठलीच चालणार नाही.

सगळ्यात जास्त राग मला त्या रेघांचा येतो. त्या खास मॅटवर मधोमध एक रेघ, हात-पाय कुठे ठेवायचे त्याच्या खुणा, पंचेचाळीस अंशांच्या तिरप्या रेघा. यामुळे म्हणे आसन अचूक होतं. कुणाचं? अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योग’मध्ये (१९६६, मराठीत ‘योगदीपिका’) त्रिकोणासनासाठी पायांत तीन ते साडेतीन फूट आणि वीरभद्रासनासाठी चार ते साडेचार फूट अंतर दिलं आहे. ते अंदाजाचे आकडे आहेत, आणि एकाच माणसासाठी आसनागणिक बदलणारे. आता पाच फुटी मावशी आणि सहा फुटी जावई या दोघांना एकाच ठिकाणी छापलेल्या खुणेवर उभं करा. एकाचे पाय फाटतील, दुसऱ्याचे आखडतील. नाव प्रत्येकाचं निराळं आणि माप सगळ्यांचं एकच, अशी ही ‘वैयक्तिक’ मॅट. शाळेचे गणवेश शिवणारा शिंपीसुद्धा याहून जास्त मापं घेतो.

यावर दोन बाजूंनी उत्तर येईल हे माहीत आहे, म्हणून दोघांशीही आत्ताच बोलून घेते.

एक बाजू आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांची. त्यांच्या मते मॅटच नको. आमच्या आज्यांना कुठे मॅट होती, घोंगडी अंथरली आणि झालं. हे ऐकायला फार गोड लागतं. पण आजी सारवलेल्या जमिनीवर राहायची. मांडी घालून बसायची, उकिडवी बसायची, तिच्या गुडघ्यांना आणि घोट्यांना तो सराव रोजचा होता. तिने साठाव्या वर्षी काचेसारख्या टाइलवर सूर्यनमस्कार सुरू केले नव्हते. आणि परंपरेचंच म्हणाल तर अय्यंगारांनी त्याच पुस्तकात स्पष्ट सांगितलं आहे की आसनं उघड्या जमिनीवर करू नयेत, सपाट जमिनीवर घडी घातलेलं ब्लँकेट अंथरून करावीत. म्हणजे अंथरूण हवंच. वाद कुठलं, एवढाच.

दुसरी बाजू ताईंची, आणि ती जास्त वजनदार आहे. त्या म्हणतात, काही प्रकारांत फरक खराच असतो. बिक्रम चौधरींच्या पद्धतीत चाळीस अंशांच्या खोलीत नव्वद मिनिटं घाम गाळायचा, तिथे साध्या पीव्हीसीवर माणूस माशासारखा निसटेल. खरं आहे. पण नीट पाहिलं तर तिथे मॅट घामाने ठरवली, शैलीने नाही. त्या खोलीत टॉवेल लागतो तो घामासाठी, आणि एसी हॉलमध्ये तीच सव्वीस आसनं केली तर लागणार नाही. शैलीचं नाव हे घामाचं, भाराचं, वेळाचं एक ढोबळ टोपणनाव आहे. ढोबळ अंदाज म्हणून दुकानदाराने वापरावं, शिक्षकाने वापरू नये, कारण शिक्षकाच्या समोर प्रत्यक्ष माणूस उभा असतो.

त्यांचा दुसरा मुद्दा असा की नाव छापलेली, आवडीची वस्तू समोर दिसली की माणूस रोज करायला बसतो. असेल. नवी वही आणली की पहिल्या चार पानांवर अक्षर सुंदर येतंच. ते आवडीचं कारण आहे आणि आवडीवर कुणी पैसे खर्चावेत याला माझी ना नाही. मीही साडी गरजेपुरती घेत नाही. फक्त त्याला शरीरशास्त्र म्हणू नये. तिसरा मुद्दा स्वच्छतेचा, तो तर मला मान्यच आहे: दुसऱ्याच्या घामाच्या मॅटवर तोंड टेकवू नये, स्वतःची न्यावी. पण स्वतःची असणं आणि स्वतःसाठी बेतलेली असणं यांत फरक आहे. टूथब्रशही स्वतःचाच असतो.

‘शास्त्रीय’ हा शब्द तक्त्यात दोनदा आला आहे. शास्त्र म्हणायचं तर लोणावळ्याला जावं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं, आणि नौली करताना पोटात दाब खरोखर कमी होतो का हे दाबमापक लावून मोजलं. एक्स-रे घेतले. मिळालेल्या उत्तराला गुरूचं नाव दिलं, पण गुरू म्हणाले म्हणून ते मानलं नाही. शंभर वर्षांपूर्वी, साध्या उपकरणांनी. त्या माणसापुढे आपला तक्ता ठेवला असता तर त्यांनी एकच विचारलं असतं, यातलं तुम्ही काय मोजलंत? ४, ५ आणि १० हे आकडे आहेत खरे. पण ते वस्तूचे आकडे आहेत, आपल्यापैकी कुणाचे नाहीत.

आणि माणसागणिक बदल कसा करायचा याचा सगळ्यात मोठा धडा तर इथून तीन तासांवर पुण्यात आहे. अय्यंगारांनी आसनाला माणूस जुळवून घेतला नाही, माणसाला आसन जुळवून दिलं. त्यासाठी लाकडी ठोकळे, पट्टे, दोऱ्या, खुर्च्या, ब्लँकेटं. सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटांच्या घड्या घातल्या की मान मोडत नाही. पण किती घड्या? ते तुमच्या मानेवर ठरतं, आणि सहा महिन्यांनी पुन्हा ठरतं. वैयक्तिक म्हणतात ते हे. घडी उलगडता येते, एक थर वाढवता येतो, एक काढता येतो. छापलेली मॅट असं काही करू शकत नाही. ती विकत घेतली त्या दिवशी तुम्ही जसे होतात त्यावर कायमची अडकते, आणि त्यातही तुमच्या आवडत्या रंगावर.

म्हणून माझा खटाटोप साधा आहे. एकच मध्यम मॅट, चार-पाच मिलिमीटरची, अंगठ्याने जोरात दाबली की तळ लागावा पण खड्डा राहू नये अशी. गुडघ्यांसाठी आईच्या जुन्या नऊवारीची गोधडी, चौघडी करून. मार्जारासनात आणि उष्ट्रासनात ती गुडघ्यांखाली जाते, सर्वांगासनात खांद्यांखाली, शवासनात गुडघ्यांच्या लवणीत. मे महिन्यात हातांखाली एक पंचा, किंचित ओला. वृक्षासन मी मॅटवरून खाली उतरून फरशीवरच करते, आणि पासष्टीच्या आमच्या एका काकूंनाही तेच सांगते. दुकानात गेलात तर मॅट उलगडायला लावा, तिच्यावर एक मिनिट चारही हात-पाय टेकून राहा, मग एका पायावर उभे राहा, मग तळहात ओला करून ढकलून बघा. विक्रेता विचित्र नजरेने बघेल. बघू दे. चपला घेताना आपण दोन पावलं चालून बघतोच की. नवी पीव्हीसीची असेल तर पहिले काही आठवडे वरचा तुळतुळीत थर सरकवतो, त्यावरून तिला नावं ठेवून परत करू नका. रबरी घ्यायची असेल तर घरात कुणाला लेटेक्सची अ‍ॅलर्जी नाही ना हे विचारा, आणि उचलून बघा. पाच-सहा मिलिमीटरची भरीव मॅट अडीच-तीन किलो भरते, आणि ती खांद्यावर घेऊन सकाळच्या फास्ट लोकलमध्ये चढणारी बाई घरी पोचेपर्यंत योग विसरलेली असते.

राहता राहिली लांबी. तक्त्यात तिचा उल्लेखही नाही, आणि खरं म्हणजे माणसागणिक सगळ्यात उघडपणे बदलणारी गोष्ट तीच. साधारण मॅट १७३ सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम पाच फूट आठ इंच. आमचे हे पाच फूट अकरा. शवासनात एकतर त्यांच्या टाचा गार टाइलवर, नाहीतर डोकं. हिवाळ्यात शवासन म्हणजे टाचांना शिक्षाच. म्हणून लेख लिहायला घेण्याआधी मी त्या दुकानाला फोन केला. म्हटलं, तुम्ही प्रत्येकासाठी वेगळी बनवता ना, मग एक जरा लांब मिळेल का, १८५ ची?

पलीकडच्या मुलीने नम्रपणे सांगितलं, “मॅडम, साइज एकच असते. पण नाव कितीही मोठं छापून देऊ.”